आजोबांचा किस्सा आठवला आणि हसू फुटलं, ते चुकलं का?

ताई,

माझे आजोबा गेले त्याला आठ महिने झाले. वय ८१. आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या आणि आयुष्यभर लोकांसाठीच धावले. घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, ओळखीतल्या सगळ्यांचे वाढदिवस त्यांच्या डायरीत लिहिलेले असायचे. त्या दिवशी सकाळी सहाला आवाज बदलून फोन: "पोलीस स्टेशनातून बोलतोय. रात्रीतून तुमचं एक वर्ष चोरीला गेलंय, तक्रार नोंदवायची का?" वाक्य दरवर्षी तेच, तरी लोक दरवर्षी हसायचे. कुणी दवाखान्यात असलं की रात्री सोबतीला आजोबा, खिशात पत्त्यांचा कॅट. वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं आणि बावीस वर्षं चालवलं.

अंत्यविधीच्या दिवशी कुणीतरी तो पोलीस स्टेशनचा फोन काढला आणि मला हसू फुटलं, थांबेचना. आत्याने डोळे वटारले. तेव्हापासून ते मनात टोचतंय. आता वर्ष होईल तेव्हा वस्तीतले लोक आठवणींची सभा ठेवणार आहेत आणि दहा मिनिटं मी बोलायचं ठरलंय. मोठे काका म्हणतात, "वात्रटपणा नको, त्यांच्या समाजकार्यावर बोल." बाबा काहीच बोलत नाहीत. आजोबांचा किस्सा निघाला की आजी उठून आत जाते. आठ वर्षांचा चुलतभाऊ परवा विचारत होता, "आजोबांचा आवाज कसा होता गं?" माझ्या फोनमध्ये त्यांचे तीन व्हॉइस मेसेज आहेत, एकही ऐकायचा धीर होत नाही. मी सभेत काय बोलू? आणि त्या दिवशी हसले ते चुकलं का?

— एक नात

प्रिय नातीस,

नाही, चुकलं नाही. हे सगळ्यांत आधी सांगते, कारण आठ महिने तू ते ओझं वागवते आहेस आणि ते खाली ठेवल्याशिवाय माझं पुढचं काही तुझ्यापर्यंत पोचणार नाही.

त्या दिवशी तुला हसू आलं ते आजोबांच्याच फोनचं. म्हणजे त्या भरल्या घरात त्या क्षणी ते तुझ्या अगदी कानाशी होते. आत्याला ते सोसलं नाही, यातही नवल नाही, तिचे वडील गेले होते. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल एक गोष्ट मांडली, ती मला या कामात फार उपयोगी पडते. त्यांचं म्हणणं असं, की जवळचं माणूस गेलेला माणूस सरळ रेषेत सावरत नाही, तो झोके घेतो. एकदा दुःखाकडे, एकदा जगण्याकडे, कधी एकाच तासात दोन्हीकडे. आणि एका घरात सगळ्यांचे झोके एका तालात नसतात. तू एका टोकाला होतीस तेव्हा आत्या दुसऱ्या टोकाला होती, एवढंच. जमलं तर तिला एकदा हे बोलून टाक. माफी मागायला नको. "तेव्हा मला तो फोन ऐकू आला गं" एवढं म्हटलंस तरी पुरे.

आणखी एक अभ्यास सांगते. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या लोकांना त्यांनी त्या जोडीदाराबद्दल बोलायला लावलं आणि बोलताना त्यांचे चेहरे टिपले. काही जण बोलता बोलता खरोखर हसले, म्हणजे डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात तसं, नुसतं तोंडदेखलं नव्हे. अशा लोकांच्या मनात राग कमी आढळला आणि माणसांशी त्यांचं नातंही बरं होतं. यावरून हसलं की दुःख लवकर सरतं असा अर्थ मी काढणार नाही. जो आधीच थोडा सावरला आहे तोच हसू शकत असेल, असंही असू शकतं. पण दुःखात हसणारा माणूस बेपर्वा असतो ही जी समजूत आपल्या डोक्यात बसलेली असते, तिला मात्र त्या अभ्यासात कुठेच आधार सापडत नाही.

आता तुझे काका. त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांना भीती आहे ती अशी, की लोक किस्से ऐकून हसतील, घरी जातील आणि आपल्या वडिलांना 'एक गमत्या माणूस' म्हणून लक्षात ठेवतील. मुलाला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते जी वाटणी करताहेत ती मला पटत नाही. वात्रटपणा एका बाजूला आणि समाजकार्य दुसऱ्या बाजूला, अशी ती वाटणी आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मला दोन आजोबा कुठे दिसले नाहीत.

दवाखान्यातली ती रात्र घे. दोन वाजले आहेत, नर्स येऊन गेली आहे, उद्या काय होणार ते ठाऊक नाही. अशा वेळी उशाशी कुणी गंभीर चेहऱ्याने बसलं की आजारी माणूस त्या चेहऱ्यावरच आपला रिपोर्ट वाचायला लागतो. तुझे आजोबा कॅट काढून पिसायला लागायचे. डाव मांडला की तेवढा वेळ समोरचा पेशंट राहत नाही, खेळाडू होतो. त्याला हुकूम लपवायचा असतो, जिंकायचं असतं. ही सोबत साधी नाही. ती करायला माणूस आतून हलका असावा लागतो, आणि आपली झोप मोडायची तयारीही लागते.

किंवा तो सहाचा फोन. मदत मागायला माणसांना फार लाज वाटते हे या सदराच्या पत्रांतून मला सतत दिसतं. घरातली नड चारचौघांत कळू नये म्हणून लोक काय काय सोसतात. पण जो माणूस दरवर्षी न चुकता फोन करून आपल्याला हसवतो, त्याला उलटा फोन करताना जीभ अडखळत नाही. नंबर पाठ असतो, ओळख ताजी असते, आणि तो आपल्याला पाण्यात पाहणार नाही याची खात्री असते. वस्तीतल्या किती जणांनी अडचणीच्या वेळी पहिला फोन तुझ्या आजोबांना केला असेल, हे सभेआधी विचारून बघ. मला वाटतं, त्यांची सगळी समाजसेवा त्या एका वाक्याच्या पायावर उभी होती. काकांना हे असं सांग. "किस्से सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. "बाबांचं काम कशामुळे चालायचं ते सांगणार आहे" असं सांग. आणि त्यांच्याकडे एक रात्र माग. वडिलांबरोबर काढलेली, त्यांना आठवणारी कोणतीही एक. भाषणात ती त्यांच्या नावाने सांग. मग ते भाषण त्यांचंही होईल.

भाषणाबद्दल माझा एकच आग्रह आहे. 'देवमाणूस', 'अजातशत्रू', 'परोपकारी', 'सदैव हसतमुख' हे शब्द त्या दहा मिनिटांत येऊ देऊ नकोस. ते खोटे आहेत म्हणून नाही. ते कुणालाही बसतात म्हणून. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये स्मरणावरचे आपले प्रयोग मांडले. त्याने लोकांना एक अनोळखी, चमत्कारिक वळणांची कथा वाचायला दिली आणि नंतर ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. दर खेपेला कथा छोटी होत गेली, गुळगुळीत होत गेली, आणि वाचणाऱ्याला न समजलेले विचित्र तपशील गळत किंवा ओळखीच्या गोष्टींसारखे बदलत गेले. माणसांच्या आठवणींचंही असंच होतं. दहा वर्षांनी 'ते फार प्रेमळ होते' एवढं शिल्लक राहतं. पोलीस स्टेशन, चोरीला गेलेलं वर्ष, सकाळचे सहा, हे सगळं गळून जातं. तुझे आजोबा तर त्या विचित्र तपशिलांतच होते.

म्हणून घडलेल्या गोष्टी सांग. दहा मिनिटांत दोन पुरतात, फार तर तीन. सावकाश बोललीस तर साधारण हजार शब्द होतील, त्याहून जास्त लिहून नेऊ नकोस. गोष्ट सांगताना वेळ सांग, जागा सांग, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत सांग. आणि आजोबांना एखादी गोष्ट जमत नसे, तीही येऊ दे. विसरायचे का? चिडायचे का? घरच्यांना सांगून ठेवलेली वेळ बाहेरच्यांसाठी मोडायचे का? समोर बसलेल्यांना ते ठाऊकच असतं. तेवढं वगळलंस की लोकांना वाटतं, ही आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलत नाही.

फोनचा तो आवाज मात्र काढून दाखव. हुबेहूब जमायला हवा असं नाही. सभेतले निम्मे लोक पुढचं वाक्य तुझ्याआधी म्हणतील.

आता मी तुझ्या आजीकडे येते, कारण खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचून मला सगळ्यांत जास्त विचार त्यांचाच पडला आहे.

तुझ्या एवढ्या पत्रात आजी एकाच वाक्यात आहेत, आणि त्या वाक्यातही त्या उठून आत जातात. बावीस वर्षं वाचनालय तुमच्या पुढच्या खोलीत होतं. ती खोली रोज कुणी झाडली? मुलांना पाणी कुणी दिलं, आणि त्या खोलीत दुपारी कुणाला आडवं होता आलं नाही? सकाळी सहाचा फोन लागायचा तेव्हा शेजारी कोण झोपलेलं असायचं? आणि आजोबा दुसऱ्याच्या उशाशी रात्र काढायचे, त्या रात्री आजी कुठे होत्या, कुणाबरोबर होत्या? मी आजोबांना दोष देत नाही. पण समाजासाठी धावणाऱ्या माणसाचा वेळ कुठून तरी येत असतो, आणि बहुतेक वेळा तो घरातल्या एका माणसाच्या वाट्यातून येतो. ते माणूस त्या कामात बरोबरीचं भागीदार असतं. सभेत मात्र त्याचं नाव "आणि त्यांना साथ देणाऱ्या" एवढ्यावर आटोपतं.

त्या आत का जातात हे मला इथून सांगता येणार नाही. ऐकवत नसेल. किंवा सगळ्यांकडे आजोबांचे किस्से आहेत आणि त्यांच्याकडे किस्सा संपल्यानंतरचे आजोबा आहेत, दमून घरी आलेले, फारसं न बोलणारे. त्या माणसाबद्दल त्यांना अजून कुणी विचारलेलंच नसेल.

तू विचार. चारचौघांत नको, दोघीच असताना. समोरासमोर बसून मुलाखत घेतल्यासारखंही नको. काहीतरी आवरत असाल, हात कामात असतील, नजर एकमेकींवर नसेल, अशा वेळी बोलणं आपोआप येतं. "आजोबा कसे होते?" असं विचारलंस तर "चांगले होते" एवढंच उत्तर मिळेल. "दवाखान्यातून पहाटे घरी आले की आधी काय करायचे गं?" असं विचार. मग गप्प बस, कितीही वेळ लागला तरी. त्या काही बोलल्या नाहीत तर त्या दिवशी विषय सोड, महिन्याभराने पुन्हा विचार. आणि बोलल्या आणि त्यातून तक्रार निघाली, तर आजोबांची बाजू घेऊ नकोस. "पण त्यांचं तुझ्यावर किती प्रेम होतं" हे वाक्य गिळून टाक. एवढ्या वर्षांच्या संसारातली तक्रार ही त्या माणसाची फार जवळून जपलेली आठवण असते. ती तशीच ऐकून घे. त्यांनी 'चालेल' म्हटल्याशिवाय त्यातला एक शब्दही सभेत सांगायचा नाही.

एकीकडे लक्षही ठेव. उठून आत जाणं ही काळजीची गोष्ट नाही. पण खाणंपिणं, झोप, रोजचे व्यवहार अजूनही रुळावर आलेले नसतील, कशातच मन लागत नसेल, दिवसचे दिवस ओढ तेवढीच तीव्र राहिली असेल, तर डॉक्टरांशी बोला. लांबलेल्या तीव्र शोकाची जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात आता वेगळी नोंद केली आहे, त्यात किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे, आणि त्यावर उपचार होतात. "वयच झालंय, असं व्हायचंच" म्हणून ते सोडून देऊ नका.

आता ते तीन व्हॉइस मेसेज. हे काम आज रात्रीच कर, माझं बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

आमच्या घरी माझ्या आजोबांचा आवाज एका कॅसेटवर होता. सुट्टीत आम्ही सगळी नातवंडं जमलो होतो, तेव्हा कुणीतरी टेप चालू ठेवला होता आणि ते कोडी घालत होते. पुढे त्या कॅसेटवर गाणी भरली गेली. कुणी भरली हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. मला त्यांची चाल आठवते, चष्मा पुसायची लकब आठवते, त्यांची कोडी आजही पाठ आहेत. आवाज येत नाही. डोळे मिटून कितीही प्रयत्न केला तरी ती कोडी मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.

म्हणून सांगते. मेसेज ऐकायची गरज नाही, नुसते उतरवून ठेव. व्हॉट्सॲपवर असतील तर ते त्या ॲपच्या बाहेर, साध्या फाइल म्हणून साठव. फोन हरवतो, बदलतो, बिघडतो, आणि एका फोनमध्ये असलेली गोष्ट असून नसल्यासारखीच असते. तीन प्रती ठेव, त्या एकाच तऱ्हेच्या जागी नकोत, आणि एक तरी घराबाहेर, म्हणजे आत्याकडे किंवा काकांकडे. फाइलच्या नावात तारीख आणि मेसेज कुणाला पाठवला होता ते लिही, वीस वर्षांनी ते कुणालाच आठवणार नाही. आजोबांचा स्वतःचा फोन असेल तर तो कपाटात टाकून देण्याआधी त्यातलं सगळं काढून घ्या. साधारण १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं बंद केलं जातं, आणि दोन वर्षं कुणी न उघडलेलं गुगल खातं त्यातल्या फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. वर्ष होईपर्यंत थांबू नका.

ऐकायचं कधी? तुला वाटेल तेव्हा. पण पहिल्यांदा एकटीने ऐकू नकोस. त्या चुलतभावाला शेजारी घे. त्याला आवाज हवाच आहे, आणि त्याचा प्रश्न तुझ्या भीतीइतका जड नाही. तू रडलीस तर त्याला रडताना दिसू दे. कुणाची तरी आठवण आली की मोठी माणसंही रडतात आणि मग त्याच माणसाच्या गोष्टीवर हसतात, हे त्याला त्या दुपारी कळेल.

त्या मुलाला आजोबांची माहिती नको, गोष्टी हव्यात. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना विचारायचे वीस प्रश्न तयार केले होते. आजीआजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, तू जन्मलास तेव्हा काय घडलं, घरात कुणावर कोणता आजार किंवा संकट आलं होतं, असले. ज्या मुलांना घरातलं असं जास्त ठाऊक होतं त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त आढळला. पण वीस उत्तरं घोकून घेतली की झालं, असं त्याच संशोधकांना मान्य नाही. ती उत्तरं मुलापर्यंत ज्या बोलण्यातून पोचतात, ते बोलणं महत्त्वाचं. तेव्हा त्याला आजोबांची फजितीही सांग आणि त्यांचे वाईट दिवसही सांग. नुसता शूर आणि हसरा आजोबा मुलांना फार काळ पुरत नाही.

सभेआधी एक काम मात्र लवकर उरकून घे. लोकांकडून किस्से गोळा करायचे असतील तर ते सभेच्या दिवशी नको, आधी, एकेकाला वेगवेगळं गाठून. सभेत सगळ्यांनी एकमेकांचं ऐकलं की आठवणी एकमेकींत मिसळतात. मग दुसऱ्याने सांगितलेला तपशील आपल्याला स्वतःला आठवतोय असं प्रामाणिकपणे वाटायला लागतं. आत्ता अजून प्रत्येकाकडे आपापले आजोबा आहेत. फोनवर रेकॉर्ड कर, विचारून. "त्यांनी तुम्हाला शेवटचं कधी फसवलं?" हा प्रश्न मी तुला उसना देते. त्या वाचनालयात शिकून मोठी झालेली मुलं आता पस्तीस-चाळिशीची असतील, त्यांना शोध. आणि बाबांना विचार. काहीच न बोलणाऱ्या माणसाला बोलायचं नसतं असं नाही. बरेचदा त्याला कुणी थांबून विचारलेलं नसतं. उत्तर दोन शब्दांचं आलं तरी ते लिहून ठेव.

जाता जाता त्या डायरीबद्दल. ती आता कुठे आहे ते तू लिहिलेलं नाहीस. आठ महिन्यांत त्यातल्या किती जणांचे वाढदिवस येऊन गेले असतील, आणि त्यातले किती जण सकाळी सहाला जागे होऊन फोनकडे बघत पडले असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही. सगळे फोन तू करावेस असं मी म्हणत नाही, तेवढं एका माणसाचं काम नव्हे. पण डायरी शोध आणि त्यात आजीचं पान काढ. आजोबांनी त्यांचा वाढदिवस लिहून ठेवला असेल, बायकोचा म्हणून सोडला नसेल असं मला वाटतं. यंदाचा झाला नसेल तर गजर लाव. घरातल्याच दुसऱ्या खोलीतून फोन लाव. त्या रडतील, हसतील, की "झोपू दे गं" म्हणून ठेवून देतील, ते कसंही असो, मला कळव.

तुझी ताई